चहाला आणलेली पाहुणी

पण बाबा, तो माणूस लबाड वाटायचाच नाही, हे मी तेव्हाही सांगत होते. मी अकरावीत, मतलब फॉरेनर दिसला की इंग्लिश झाडायला धावणारी. हवामहलजवळच्या रत्नांच्या खड्यांच्या दुकानातले भैया म्हणायचे, "बेटा, क्या अंग्रेज़ी है! मेहमानों को चाय पर लाया करो." मी खूश. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर एका आयरिश मुलीला घेऊन गेले. रिक्षावाले, गाइड, सगळ्यांना नाही म्हणून म्हणून ती थकली होती. मला हो म्हणाली.

घरी येऊन तुम्हाला कौतुकाने सांगतेय, भैया तिला खड्यांची पुडी देणार, ती ती आयर्लंडला नेणार, तिथे त्यांचा माणूस पुडी विकत घेणार आणि हिला हिस्सा देणार. फक्त गॅरंटी म्हणून क्रेडिट कार्ड घासून सही. तुमचा घास हातातच राहिला. "सही झाली?" "नाही, कार्ड हॉटेलात होतं. चारला घेऊन येणारेय." "अगं, ते खडे काचेचे असतात. तिकडे कुणी माणूस येत नाही. असे फसलेले दोन फॉरेनर आमच्या बँकेत माझ्या टेबलासमोर रडून गेलेत." आई म्हणाली, "अहो, जेवून तरी जा." तुम्ही घड्याळ बघितलं. साडेतीन.

राजा पार्कातल्या आपल्या घरापासून स्कूटरवर तुम्ही एकच वाक्य बोललात. "तिने त्याच्यावर नाही, तुझ्या युनिफॉर्मवर विश्वास ठेवलाय." सांगानेरी गेटला जाम. मी उतरून पळतेय, दप्तर पाठीवर आपटतंय, आणि ती दुकानाची पायरी चढतेय. भैया दारात हसतायत, "आओ बेटा, तुम भी चाय पियो." मी तिचं मनगट धरलं. "डोन्ट साइन. प्लीज. इट्स ग्लास." ती भैयांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग मनगट सोडवून आली तशी चालायला लागली. थँक यू नाही, काही नाही. मागून तुम्ही धापा टाकत आलात आणि माझी पाठ थोपटलीत.

तुम्ही गेल्याला सात वर्षं झाली. आता मी नेटवर ट्रॅव्हलर्ससाठी टिप्स लिहिते. 'तुमचं हॉटेल बंद झालं' म्हणणाऱ्याच्या रिक्षात बसू नका, कुणाची पुडी नेऊ नका, कार्ड नजरेआड होऊ देऊ नका. एक टिप दर वेळी राहते. तुम्ही पाठ थोपटलीत तेव्हा मी बोलले नाही, बाबा. ती पहिली नव्हती. आदल्या महिन्यात एक म्हातारं जपानी जोडपं मीच त्या दुकानात नेलं होतं. सही करून, पुडी बॅगेत ठेवून, मला वाकून नमस्कार करून गेले ते. युनिफॉर्ममधल्या गोड मुलीपासूनही सांभाळून राहा, असं लिहू? तुम्हाला काय वाटतं?