आमच्या शाळेचं नाव मुंगी

तीर्थरूप आईला लेकीचा वाकून नमस्कार.

गोदामामागच्या हॉलमध्ये माझी कराटेशाळा सोमवारी सुरू झाली. अकरा जण आले, त्यात साठीचे एक शिंपीकाकाही आहेत. माझं जेवणखाण वेळेवर होतं. मनगटाचं दादाने सांगितलं असेलच, ते नुसतं मुरगळलंय.

शाळेचं नाव ठेवलंय 'मुंगी'. बोर्ड रंगवणारा हसला. म्हणाला, "ताई, वाघ, गरुड असं काहीतरी ठेवा. मुंगीला कोण भिणार?" मी म्हटलं, "तुम्ही रंगवा हो!"

लहानपणी मी धपकन पडले की तू म्हणायचीस, "ऊठ, काही नाही झालं, मुंगी मेली बघ." ती मेलेली मुंगी शोधायला मी उठायचे आणि रडायचं राहूनच जायचं. इथे पहिला आठवडा मी फक्त पडायला शिकवते. कुणी पडलं की सगळे ओरडतात, "मुंगी मेली!" काल शिंपीकाका चांगलेच आपटले. मी धावतच गेले. पण ते उठले आणि चष्मा सावरून चटईवर खरंच मुंगी शोधायला लागले.

दादा म्हणतो, न्हाणीघरात पडल्यापासून तू पलंग सोडत नाहीस. डॉक्टरांनी तर महिन्यापूर्वीच चालायला सांगितलंय. तो वॉकर टॉवेल वाळत घालायला आणलेला नाही. फार दुखतं का गं? की भीती वाटते?

मी पुढच्या महिन्यात येतेय. दार तू उघडायचंस. दादाने उघडलं तर मी पायरीवरच बसून राहीन.

ऊठ आई. मुंगी मेली बघ.

तुझ्यावर गेलेली,
तुझी हट्टी धाकटी