राखी खोटी नव्हती

तांडा, ता. दिग्रस
१८ नोव्हेंबर २०२१

ती. नेमसिंगदादास,
जयाचा शि. सा. नमस्कार.

तुमच्या झरीच्या जंगलात फोन लागत नाही, म्हणून लिहून राह्यली. दिवाळीत तुम्ही आमच्या राखीले टेकडीवर चढवलं, आळस झटकला पाहिजे म्हणाले. तुम्ही गेल्यावर पोट्टी सहा दिवस उठली नाही. वेणी घालताना हात भरून येतात, उभी राह्यली की छाती धडधडते. एप्रिलात कोरोना झालता, पण दोनच दिवस ताप. आमच्या आधी ती उठली. म्हणून कोणाच्या ध्यानातच आलं नाही. शाळेतल्या बाई कामचोर म्हणाल्या. राखीचे बाबा तर नाटक आहे म्हणून ताटावरून उठले. मीही एकदा हात उगारला, खोटं कायले सांगू?

काल यवतमाळले दाखवलं. एसटीचा संप, म्हणून जीपनं गेलो. रक्त, छातीचा ईसीजी, सारं बरोबर निघालं. हे म्हणाले, पाहा, काहीच नाही! तवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासणीत दिसत नाही म्हणून पोरगी खोटी ठरत नाही. कोरोनानंतर काही लेकरांले महिनोन्‌महिने असं राहते. जोर केला तर वाढते. थोडं काम, थोडा आराम, अशानं हळूहळू उतरते. राखी तिथंच रडाले लागली. काहून रडते विचारलं, तर म्हणे, यायनं मले खरं मानलं.

वहिनीले नमस्कार. लोभ आहेच, तो असाच ठेवा.

तुमची जया

झरी जामणी
२७ नोव्हेंबर २०२१

चि. सौ. जयास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. टेकडीवर पोरगी दोनदा बसली, दोन्हीदा मी हात धरून ओढली. एवढी वर्षं वनरक्षक आहो, थकलेलं जनावर दुरून ओळखतो. भाची नाही ओळखली.

तुझ्या मालकाले, भावसिंगरावले म्हण, राग काढायचा तर माझ्यावर, साळ्यावर काढा, पोरीवर नको. डॉक्टरच्या कागदाची झेरॉक्स करून ठेव. पुढच्या सोमवारी शाळेत मीच येतो, बाईशी बोलतो. राखीले माझी माफी सांग. नाही, राहू दे. सोबतची चिठ्ठी तिची आहे, तू उघडू नको.

तुझा दादा

तांडा
९ जुलै २०२२

ती. मामास,
राखीचा सा. नमस्कार.

तुम्ही येऊन गेल्यापासून अर्धा दिवस शाळेत जात होती. आता पूर्ण दिवस जाते. कवायतीच्या वेळी बाई स्वतः मले खुर्ची देतात. नववीत पास झाली. गणितात मार्क कमी आहेत, पण ते कोरोनामुळं नाही, हे तुम्हालेही माहीत आहे.

काल बाबांसोबत यवतमाळले गेलती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरीच सुधारली, आता दर महिन्याले येऊ नका, दिवाळीनंतर या. परतीच्या एसटीत बाबा माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपले. वर्षभरात त्यायले इतकं गाढ झोपलेलं मी पाह्यलं नव्हतं. आपला फाटा आला, कंडक्टरनं घंटी मारली, तरी मी उठवलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून एक किलोमीटर मागं चालत आलो. वाटेत बाबा दोनदा थांबले अनं म्हणाले, राखी, बस जरा. मी थकली नव्हती. तरी बसली.

याडी म्हणते, माझ्या दादाले सवडीनं बोलाव. या, वाट पाहते.

तुमची भाची
राखी