न दिसणाऱ्या कामाचा फोटो

३ ऑक्टोबर

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

खालचा शिंपी दुकान बंद करून गेला आणि तुझ्याकडे जिना चढून येणारं गिऱ्हाईक आटलं, हे तू चार ओळींत लिहितेस, आणि तेही हवापाण्याच्या खाली! डिसेंबरपर्यंत काम वाढलं नाही तर दुकान सोडणार म्हणे. चाळीस वर्षांचं रफूचं दुकान म्हणजे काय ओला रुमाल आहे, वाळला की दोरीवरून काढायला?

मी फोटोग्राफर ठरवला आहे. हल्ली लोक आधी फोटो बघतात, मग दुकान. त्याने फोनवर विचारलं, फोटो कसले हवेत: पांढऱ्या पडद्यावर वस्तूंचे, दुकानाचे, मालकिणीचे की काम चालू असतानाचे? मी म्हटलं, पांढऱ्या पडद्यावर रफू केलेली पँट म्हणजे नुसती पँट. काम दिसलं तर ते रफूच नव्हे. तो म्हणाला, मग फोटो कशाचा काढू? शेवटी मीच सांगितलं, 'आधी'चा आणि 'नंतर'चा. म्हणून माझा करडा कोट पाठवते आहे. उजव्या कोपरावर हीटरने बटणाएवढं भोक पाडलं आहे. भोकाचा फोटो होऊ दे, मग रफू कर.

शिवाय काम करताना तुझ्या हातांचे फोटो हवेतच. शाळेत सिस्टर माझ्या शिवणाला पट्टी दाखवायच्या आणि तुझं भिंतीवर लावायच्या, हे मी विसरलेले नाही. त्या हातांनी आता थोडं मिरवावं.

लोभ आहे तेवढा पुरे, पण उत्तर लवकर लिही.
ताई

११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

कोट मिळाला. खिशात बसची तीन तिकिटं आणि लिमलेटची एक गोळी होती. तिकिटं जपून ठेवली आहेत, गोळी खाल्ली.

फोटोग्राफर येऊन गेला. भला माणूस आहे. त्याला जुन्या नमुन्यांची पेटी दाखवली. एक शाल तो बराच वेळ उलटसुलट करत होता, मग विचारू लागला की हिचं रफू अजून व्हायचं आहे का. मी हसले तर बिचारा ओशाळला. भोकाचा फोटो त्याने काढला. जाताना बॅग मात्र इथेच विसरला.

हातांचे नकोत, ताई. म्हाताऱ्या हातांत काय बघायचंय? दुकानाचे पुरेत. धाग्यांचे खण छान दिसतात, साठ रंग आहेत. म्हणशील तर पाटीही पुसून घेते. कोटाला थोडा वेळ लागेल, मागे लागू नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी
चिंगी

२४ ऑक्टोबर

चि. चिंगीस,
आशीर्वाद, पण आज जरा घाईत.

फोटो आले आणि माझं डोकं फिरलं. तो बॅग न्यायला पुन्हा आला होता ना? तू नको म्हणणार हे ठाऊक होतं, म्हणून ती मीच त्याला विसरायला लावली होती. बहीण कामात असली की हळूच हातांचे फोटो घ्या, असं बजावलं होतं. थयथयाट नंतर कर.

आणि काढलं काय त्याने? कापडाची वीण मोजता येते, मागच्या रिळांवरचे आकडे वाचता येतात, डावा हात स्वच्छ दिसतो. फक्त उजवा हात धुरासारखा. आठही फोटोंत तेच! फोन करून त्याची बिनपाण्याने केली. म्हटलं, हलता हात टिपता येत नसेल तर मढ्यांचे फोटो काढत बसा, ती हलत नाहीत. तो एवढंच म्हणाला, तुम्ही एकदा बहिणीशी बोला. मी कशाला बोलू? चूक त्याची! लेखी तक्रार लिहिली आहे, उद्या टाकते. शुक्रवारी तो पुन्हा येईल. हात स्थिर ठेव, म्हणजे त्याला पळवाट उरणार नाही.

तुझा लोभ त्याच्यावर वाया घालवू नकोस.
ताई

१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

तक्रार टाकली नसशील तर टाकू नकोस. तो चांगला फोटोग्राफर आहे. जे होतं तेच त्याने टिपलं.

हात वर्षभर हलतो आहे. आधी सुई ओवताना, मग टाका घेताना. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडा कमी होईल, जाणार नाही. सकाळी उठल्यावर पाऊण तास बरा असतो. तुझा कोट त्या पाऊण तासात केला. सतरा सकाळी लागल्या. आज पार्सल केला आहे.

शिंपी गेल्यामुळे गिऱ्हाईक आटलं हे अर्धंच खरं. गेल्या वर्षी दोन कपडे परत आले. कुणी बोललं नाही, एका बाईने नुसतं बोट ठेवलं.

आता तूच सांग, कोणता फोटो लावू? पेटीतले नमुने लावले तर लोक तसलं काम मागायला येतील, आणि ते आता माझ्याच्याने होत नाही. हातांचा लावला तर कुणी येणार नाही. धाग्यांच्या खणांचा लावला तरी जिना चढून आल्यावर सुई मलाच धरायची आहे. तुला नेहमी काहीतरी सुचतं.

शुक्रवारी तो आला होता. आम्ही चहा प्यायलो. कॅमेरा त्याने काढलाच नाही.

लोभ असू दे. दया नको.
तुझी
चिंगी

९ नोव्हेंबर

चि. चिंगीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

कोट मिळाला. चष्मा न लावता जागा सापडली. सापडली नाही असं लिहायला कागद घेतला होता, पण माझं खोटं तू शाळेपासून ओळखतेस.

तक्रार टाकून झाली होती. फोन करून त्याची माफी मागितली. जन्मातली दुसरी, पहिली सिस्टरनी मागायला लावली होती. त्याला पहिल्याच फोटोत कळलं होतं. मी आठही भिंगाखाली धरले आणि मला कळलं नाही.

तुझ्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर शोधते आहे. आजवर बँकेला लिहिलं, पाणीवाल्यांना लिहिलं, चष्मेवाल्याला तर तीनदा. याची तक्रार कुणाकडे करायची, पत्ता सापडत नाही. नमुन्यांचा फोटो लाव म्हणवत नाही, दुकान सोड म्हणायला तर जीभच रेटत नाही. फोटोग्राफरला सांगितलं आहे, यापुढे तिलाच विचारा, मला नको.

काल कोट घालून वाचनालयात गेले. तू रफू केलेला प्रत्येक कपडा दाखवून तिथल्या बाईंना मी वर्षानुवर्षं छळत आले आहे, शोधा बघू कुठे फाटलं होतं म्हणून. त्यांना कधीच सापडलं नाही. काल मी विचारलं नाही. त्यांची नजर कोपरावर गेली, आणि त्या पुस्तकावर शिक्का मारत राहिल्या. मी हात मागे घेतला नाही. एवढंच करता आलं.

हातांच्या फोटोंतला एक मी ठेवून घेतला आहे. परत मागू नकोस.

लोभाचं काय लिहू, तो तुला माहीत आहे.
ताई

ता. क. डाव्या बाहीचा कोपरही विरत चालला आहे. कोट पाठवू की नको, ते या वेळी तू सांगायचं.