पाच पायांची राणी

ताराज, शुक्रवार

प्रिय सामाल,

तू मागवलेलं पार्सल पोचलं. एका काचेच्या नळीत पिवळी राणी, दुसरीत तांदळाच्या दाण्यांसारखे काळ्या मुंग्यांचे कोश आणि त्यांच्यावर नुकत्याच जन्मलेल्या दोन-चार फिकट मुंग्या. टपालवाल्याला नऊ हजार तेंगे मोजून दिले. तेवढ्यात महिन्याचं पीठ-तेल आलं असतं, पण तुझ्या नावाचं पार्सल परत कसं लावायचं? तू पाळलेली काळी राणी मेली, खिडकीतल्या काचपेटीतल्या तिच्या मुंग्या पोरक्या झाल्या, हे मी तुला जूनमध्ये कळवलं होतं. उत्तर काही आलं नाही. हे पार्सल आलं.

सोबत आलेल्या विकणाऱ्याच्या चिठ्ठीत लिहिलंय की या जातीच्या राणीला स्वतःचं घर मांडता येत नाही. दुसरीचं घर रिकामं झालं की तिथल्या मुंग्यांनी हिला आपली म्हणायचं, तरच ती जगते.

राणीला आधी थोडं गारव्यात ठेवायचं म्हणून नळी फ्रिजमध्ये ठेवली, तर नेमक्या राबिगा आत्या आल्या. तुझ्या बाबांना जाऊन वर्ष होईल, त्या जेवणाचं ठरवायला. लोणी काढायला गेल्या आणि किंचाळल्याच. "अगं बातिमा, घोड्याच्या मटणाशेजारी किडे?" मी सांगितलं, तर म्हणाल्या, "बरोबर आहे. या घरात बाहेरून आलेल्यांचीच सोय आधी होते." मी चहा ओतला. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "फ्लॅट सामालचा आहे. पुढच्या महिन्यात जेवण झालं की तू किझिलओर्दाला भावाकडे जा. पोटचं मूल नाही, राहायचं तरी कुणासाठी?" खोटं काहीच बोलल्या नाहीत. फ्लॅट तुझाच आहे आणि मला त्यातली भिंतसुद्धा नको. फक्त फार दमले आहे गं. भाऊ नाही म्हणणार नाही, पण भावजयीच्या चुलीपाशी या वयात पुन्हा नवी होऊन उभं राहायचं, म्हणजे अंगावर येतं.

त्याच तंद्रीत चूक केली. आपल्यात नवी सून उंबऱ्यात आली की आधी थोरांना सलाम करते. मलाही तेच सुचलं. चिठ्ठी पुढे न वाचता खिडकीतल्या जुन्या, मोठ्या मुंग्या चिमट्याने उचलून राणीच्या नळीत सोडल्या, म्हटलं आधी यांची ओळख होऊ दे. त्यांनी तिला सहा बाजूंनी धरलं. सोडवेपर्यंत एक पाय गेला. चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला तर विकणारा कळवळलाच. "आपा, थोरांपुढे कुठे नेलीत तिला? पोरं द्या, पोरं! कोश द्या, फिकट मुंग्या द्या. त्यांनी अजून कुणाला पाहिलेलं नसतं, त्यांना ती परकी वाटत नाही."

बिस्मिल्ला म्हणून तसं केलं. दुसऱ्या दिवशी फिकट मुंग्या तिला चाटत होत्या.

या घरात मी आले तेव्हा तू सात वर्षांची होतीस. सात म्हणजे लहानच, असं मला वाटलं होतं. तू दारात उभी राहून म्हणालीस, "आईचा पेला घेऊ नका." मी आजवर घेतला नाही. निळ्या काठाचा तो पेला आहे तिथेच आहे, दर शुक्रवारी पुसते. आजही शेल्पेकच्या सात पोळ्या तळल्या, आधी तुझ्या आईचं नाव घेतलं, मग बाबांचं. तळणाचा वास दोघांपर्यंत पोचला असेल. शेजारच्या झामिला विचारतात, "सवतीसाठी तेल जाळता?" मी म्हणते, सवत कसली, तिच्याच घरात राहते मी.

आज सकाळी साखरेचं पाणी द्यायला नळी उघडली. मोठ्या मुंग्या काढताना एक कापसाच्या बोळ्यामागे राहून गेली होती, हे मला माहीतच नव्हतं. जुनी, काळी, मिश्यांची एक काडी तुटलेली. तिला बघताच चिमटा घेतला. पण ती राणीच्या तोंडाला तोंड लावून तिला भरवत होती. मी चिमटा खाली ठेवला.

म्हणून हे पत्र. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे मला बोलून विचारता येणार नाही. बाबांच्या जेवणाला तू येशील तेव्हा मी या घरात असावं की नसावं? आत्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. जा म्हणालीस तर मुंग्या झामिलांकडे देऊन ठेवीन, त्यांना काय कसं द्यायचं ते समजावून सांगेन, आणि मनात काही न ठेवता जाईन. पण राणी या घरीच मागवलीस, त्याचा अर्थ मी लावायचा की नाही, तेवढं उलट टपाली कळव. एक शब्द पुरे.

तुझीच,
बातिमा-आपा