चार वाजताचं पाणी

दादा,

तुझा फोन लागत नाही, म्हणून हे फ्रिजवर चिकटवून निघतेय. आईला वृद्धाश्रमातून घरी आणायला चाललेय. तिची चाकाची खुर्ची न्यायला आले होते.

आज खात्यातर्फे तिथे न कळवता तपासणीला गेले. सकाळचे अकरा वाजले होते आणि आईच्या तक्त्यात दुपारी चारपर्यंतच्या नोंदी भरून तयार होत्या. कूस बदलली, पाणी पाजलं, खाली सही. तिचे ओठ सुकून गेले होते. मी पाणी पाजलं तर गटागट प्यायली. मी तक्ता वाचताना मेट्रनबाई दारातून बघत होत्या. आई अजून त्यांच्याच ताब्यात आहे. ती बाहेर येईपर्यंत तिथे फोन करून भांडू नकोस.

गेल्या वर्षी मी कळवून गेले होते. चहा घेतला, तक्ते चाळले आणि ‘उत्तम’ असा शेरा मारून आले. त्याच शेऱ्यावर तू तिला तिथे ठेवलंस. त्याबद्दल काय बोलायचं ते नंतर बोल.

आतल्या खोलीतला पलंग तयार ठेव. पाण्याचा पेला तिच्या हाताला लागेल असा ठेव. तिथे तो खिडकीत होता, काठोकाठ भरलेला.