पाच मिनिटांत देतो

१६ जानेवारी

संक्रांत झाली. वाणाच्या वाट्या, डब्या, गाळण्या सगळ्या गेल्या, दुकान उघडं पडल्यासारखं दिसतं. उदगीरच्या बायका वर्षभर एका चमच्यासाठी घासाघीस करतात आणि या चार दिवसांत न बघता उचलतात. आता लग्नसराईपर्यंत माशा मारायच्या.

सकाळी पूजेला बसलो. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, नजर लावली, तर ते थरथरताना दिसलं. आधी वाटलं हात अवघडला. मग कळलं, छातीतच चालू आहे. तांब्याच्या घागरीवर ठोके घालतात तसं, पण घाईघाईनं, मध्येच एखादा ठोका चुकवून. पाचेक मिनिटं. आपोआप थांबलं. घरात महानंदा असती तर माझ्या चहावर घसरली असती.

२० जाने.

परत. परत पूजेलाच.

महानंदाला जाऊन नऊ मार्चला दोन वर्षं होतील. मनात आलं, तीच बोलावते आहे. लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नाही. तेव्हा बरं वाटलं.

२४ जाने.

आज दुकानात, सकाळी अकराला, गिऱ्हाइकाला कुकरचं झाकण लावून दाखवताना. म्हणजे पूजेचा काही संबंध नाही. थोडं वाईटच वाटलं.

इथून पुढं धडधडीला नुसतं 'ध.' लिहायचं. अख्खा शब्द लिहिला की उगीच वाढतं.

शेजारच्या मुबारकभाई टेलरनं ओळखलं. त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्यात, तेव्हापासून अर्धा डॉक्टर झालाय. गल्लीत कुणाला उचकी लागली तरी नाडी धरतो. माझीही धरली.

"मन्मथअप्पा, येच्यात गडबड हाय. दाखवून घ्या."

"पित्त असंल."

"पित्त नाडीत नस्तं जी."

२९ जाने.

ध. परवा संध्याकाळी, सात मि. काल नाही. आज दोनदा. दुसऱ्यांदा गार पाणी पिऊन पाहिलं, लांब श्वास घेऊन पाहिलं. काही नाही. त्याच्या मनानं येतं, त्याच्या मनानं जातं.

पित्ताची गोळी चालू. चहा बंद केला होता. आज घेतला.

२ फेब्रु.

कांताचा फोन, नांदेडहून. शाळा सुटली की घरी जाता जाता करते, मागं रिक्षांचे भोंगे.

"अप्पा, आवाज असा का यायलाय?"

"दुकानात हाव."

"रविवारी या की. दोन वर्षं होत आली, घराला पाय लावला न्हाई तुम्ही."

"बघू."

या 'बघू'वर पोरगी फोन ठेवते. एकुलती एक लेक, आणि आमच्यात हल्ली बोलणं एवढंच.

का जात नाही ते तिला सांगितलेलं नाही. तिच्या कपाटात आईचे दागिने आहेत. त्या दिवशी दवाखान्यात मीच काढून तिच्या रुमालात बांधून दिले होते. दिवस झाल्यावर एकदाच नांदेडला गेलो, तेव्हा तिनं तो रुमाल पुढ्यात आणून उघडला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो, आणि त्यानंतर गेलो नाही.

७ फेब्रु.

भांड्यावर नाव टाकायच्या मशीनवर बसलो होतो. एका नवरीची एकवीस भांडी, सगळ्यांवर तिचं नाव. अकराव्या ताटाला ध., आणि या खेपेला डोळ्यांपुढं अंधारी. मशीन सुटलं, नावाची शेपटी ताटाच्या काठापर्यंत गेली. गुडघ्यात मान घालून बसलो तेव्हा निवळलं. ते ताट घरी आणलं, तिच्यासाठी दुसरं काढलं.

मुबारकभाई दारात उभा. "आता बी पित्त म्हणा."

उद्या जातो म्हटलं. उद्या जाणार नाही हे दोघांनाही माहीत.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून उतरेल. डॉक्टरकडं गेलो की छातीची पट्टी, ईसीजी, काढतील, आणि पट्टी काढायची म्हणजे गळ्यातलं, इष्टलिंगाची डबी, काढायला लावतील. महानंदाला लातूरला नेलं तेव्हा हेच झालं. सिस्टरनं काढायला लावलं. मी माझ्या हातानं काढलं. तिला दम लागला होता, तरी म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "पाच मिनिटांत देतो." आणि शर्टाच्या खिशात टाकलं. तिला आत नेलं. पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले.

आठ वर्षांची असताना दीक्षेला बांधलेलं ते. कांताच्या वेळी दीड दिवस अडली होती, तेव्हाही उतरलं नव्हतं. समाधी देताना तळहातावर ठेवलं, लोकांना वाटलं सगळं रीतसर झालं.

त्याच दिवशी ठरवलं, माझं कुणाला काढू देणार नाही. हे मुबारकभाईला कसं सांगायचं? त्यापेक्षा पित्त सोपं.

११ फेब्रु.

ध. सकाळी, बारा मि.

पुण्यस्मरणाला पाहुण्यांना द्यायचे तांबे काढले. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'लिं.' लिहितात, लिंगैक्य, म्हणजे लिंगाशी एक झालेलं. मी दुसऱ्यांसाठी शेकड्यांनी टाकलंय, हात आपोआप चालतो. आज चालेना. ती गेली तेव्हा ते कुठं होतं? माझ्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी. सगळ्या तांब्यांवर नुसतंच 'महानंदा' टाकलं. कोणी विचारलं तर जागा पुरली नाही म्हणेन. चुलतभाऊ विचारणारच. त्याला तेवढंच काम आहे.

१६ फेब्रु.

शेवटी गेलो. गेलो कसला, नेलं.

दुकान उघडताना ध. सुरू झालं ते थांबेना. वीस मिनिटं तरी. पायरीवरच बसलो, हातपाय गार. मुबारकभाईनं आधी माझं शटर ओढलं, मग स्वतःचं. त्याच्याकडं एक नवरदेव माप द्यायला आला होता, त्याला म्हणाला, "दुपारी येव, तुजी कंबर काय पळून जात न्हाई." रिक्षात घातलं. दवाखाना स्टँडसमोरच. पोचेपर्यंत ध. गायब. परत जाऊ म्हटलं तर दंड सोडेना.

पट्टी काढायला एक पोरगी होती, कांताएवढी. शर्टाची बटणं काढायला सांगितलं. मी डबी मुठीत धरून बसलो. मनात सगळं जुळवून ठेवलेलं, ती काढा म्हणाली की उठायचं, मुबारकभाईनं काहीही म्हणू दे.

ती म्हणाली, "अप्पा, ते वर सरकवा. खांद्यावर घ्या जरा."

एवढंच. डबी खांद्यावर, छातीला चिमटे-वाट्या लागल्या, कागद निघाला. दोन मिनिटंसुद्धा नाही.

मला उठताच येईना. तिला वाटलं चक्कर आली.

डॉक्टरीण बाई तरुण आहेत, सरळ बोलतात. पट्टी आत्ता चांगली आहे म्हणाल्या, पण त्यावर जाता येत नाही. हे येतं आणि जातं, असताना सापडलं पाहिजे. किती वेळा होतं विचारलं. मी ही वही काढली. त्यांनी हात पुढं केला. दिली नाही, तिरकी धरून तारखा आणि मिनिटं तेवढी वाचून दाखवली. सात तारखेची अंधारी वाचली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेव्हाच यायला पाहिजे होतं. नुसती धडधड असती तर मी एवढं म्हटलं नसतं. अंधारी आली, चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला, तर थांबायचं नसतं."

लातूरला हृदयाच्या डॉक्टरांकडं जायचं. सोनोग्राफीसारखी एक तपासणी, आणि चोवीस तास छातीला लावून ठेवायची मशीन. चिठ्ठी दिली. त्याआधी इथं उदगीरला कधीही सुरू झालं तर तसंच उठून त्यांच्याकडं यायचं. चालू असताना पट्टी निघाली तर अर्धं काम झालं, म्हणाल्या.

चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव आहे. तोच. महानंदाचा.

निघताना विचारलं, बाई, गळ्यातलं काढावंच लागतं अशी वेळ असते का? म्हणाल्या, असते कधी कधी, काही मशिनींना, ऑपरेशनला. पट्टीला नाही लागत. कुणाचं विचारताय? म्हटलं, असंच.

१७ फेब्रु.

दुकान उघडलं नाही.

दिवसभर तीच खोली आठवतो आहे. पलंग, हिरवा पडदा, सिस्टर घाईत. ती काय म्हणाली होती? दोन वर्षं मी तिला शिव्या दिल्या आहेत, मनातल्या मनात, रोज. लातूरकडची कुठलीही नर्स दिसली तरी तोंड फिरवलंय.

ती म्हणाली होती, "दागिने काढून घ्या."

दागिने. देवाचं नावच घेतलं नव्हतं तिनं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, कानातलं. मी भराभर काढत गेलो, आणि चांदीची डबी दिसली ती पण काढली. चांदी म्हणून. साठी ओलांडलेला माणूस, सकाळ-संध्याकाळ हातावर घेऊन बसणारा, मी देवच दागिन्यांत धरला. म्हणूनच ती म्हणाली, ते ऱ्हाऊ द्या. बांगड्यांना नव्हती म्हणाली.

सिस्टरनं काही केलं नव्हतं. मीच केलं.

दुपारी ध., पंधरा मि. बाईंनी सांगितलेलं आठवत होतं. गेलो नाही. पडून राहिलो. होऊ दे म्हटलं.

१८ फेब्रु.

मुबारकभाई घरी आला, कोपऱ्यावरचा चहा घेऊन. बसला. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी.

तो म्हणाला, "माजी अम्मी गेली तवा मी पान खायला खाली उतरलो व्हतो. सोळा वर्षं झाली. पान सोडलं, पर ते काय सुटत न्हाई." आणि कप घेऊन गेला.

समजूत घालायला आला होता, स्वतःच रडवेला होऊन गेला. पण काल जे जेवलो नव्हतो ते त्यानंतर जेवलो.

२१ फेब्रु.

कांताला फोन केला, मी होऊन. घाबरली आधी.

ध. चं सांगितलं, अंधारीचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. मग दागिन्यांचं आणि डबीचं. का येत नाही तेही. आवाज स्थिर ठेवायचा म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बोललो.

मग म्हणाली,

"मला वाटायलतं तुम्ही माझ्यावर रागावलाव."

"तुझ्यावर कशाला?"

"आईनं आठ दिवस आधी मला फोन केलता, दम लागायलाय म्हणून. मीच म्हणाले, दहावीची ड्यूटी संपू दे, मग दाखवू. अप्पाला सांगू नको म्हणाले, उगी घाबरतील. तुम्हाला कळलं असंल असं वाटायलतं मला. म्हणून येत न्हाईत."

मला कळलं नव्हतं. आज कळलं. राग आला का? आला, खोटं कशाला लिहू. क्षणभर चांगलाच आला. आठ दिवस आधी नेली असती तर... मग स्वतःच्या खिशाची आठवण झाली आणि तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

देवाच्या डबीचं ती काही बोलली नाही. चूक नव्हती असंही म्हणाली नाही. ते बरं केलं. मी विश्वास ठेवला नसता.

रडून झाल्यावर मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "लातूरला मंगळवारी. मी रजा टाकते, नांदेडहून परस्पर येते. तुम्ही उदगीरहून या. बघू म्हणायचं न्हाई."

हो म्हटलं. त्या दवाखान्याची पायरी चढवेल का, ते माहीत नाही.

२३ फेब्रु.

ध. नाही. काल पण नाही. माणसाला लगेच वाटायला लागतं की गेलंच. रद्द करावं का? मुबारकभाईला नुसतं बोललो, तर त्यानं कात्री दाखवली.

पिशवी भरली. चिठ्ठी, पट्टीचा कागद, टॉवेल, विभूती. तारखा आणि मिनिटं वेगळ्या कागदावर उतरवून घेतली, ही वही डॉक्टरांना द्यायला नको.

मंगळवार, सकाळी ९.१०, उदगीर स्टँड

मुबारकभाई सोडून गेला, गिऱ्हाईक आहे त्याचं. लातूरची बस लागली आहे, नळेगावमार्गे. पिशवी टाकून जागा धरली आणि पाणी घ्यायला उतरलो. बाटली हातात घेतली आणि ध.

बाकावर बसून लिहितो आहे. जोरात आहे, अक्षर बघूनच कळेल. अंधारी अजून नाही. छातीत थोडं आवळल्यासारखं.

रस्त्याच्या पलीकडं दवाखाना उघडलाय. बाईंची गाडी पण दिसते. शंभर पावलं असतील. चालू असताना पट्टी काढायची तर ही वेळ. इकडं कंडक्टर लातूर लातूर ओरडतोय, पिशवी आत आहे, आणि कांता सकाळीच नांदेडहून निघालेली.

आणि मी बसलोय.

महिनाभर वाटत होतं, डॉक्टरकडं कधी जायचं ते ठरवतोय. खरं म्हणजे महानंदाच्या मागं जायचं की इथं थांबायचं, ते ठरवत होतो. पूजेला पहिल्यांदा ते थरथरलं तेव्हापासूनच. पित्त, लग्नसराई, गळ्यातलं, सगळी नुसती नावं घेतली. तिच्याकडं गेलो की पहिल्यांदा काय म्हणणार, तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

पण पोरीला रजा टाकायला लावली. या खेपेला ती वेळेत निघाली आहे. मी या बाकावर मान टाकली तर ती यातलंही काहीतरी स्वतःच्या अंगावर घेईल, मी ओळखतो तिला, माझीच आहे.

बारा मि. झाली. पाय गार.

फोन वाजतोय. कांता. अहमदपूरच्या आसपास असेल. बसलाव का विचारेल.

उचलतो. बसमध्ये नाही, आधी पलीकडं चाललोय म्हणून सांगतो.