रुपीबाई आडे यांची साक्ष

मी, सुनीती वामन डबीर, वय एकाहत्तर वर्षे, निवृत्त परिचारिका, राहणार यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांच्याबद्दल कायदा काही विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वकिलांनी छापील नमुना दिला होता, तो मी परत केला. चौतीस वर्षे वॉर्डाचे रिपोर्ट बुक लिहिलेल्या बाईला नमुना लागत नाही.

१. माझ्या नावावर आर्णी रस्त्यालगतचे दोन खोल्यांचे घर, बँकेतली ठेव आणि कॉटखालची एक ट्रंक आहे. मी लग्न केले नाही. जवळचे म्हणावे तर भावाचा मुलगा अभिषेक आणि बहिणीची मुलगी प्राची.

२. ठेव प्राचीला द्यावी. ट्रंकेतली कात्री, चिमटे आणि गरोदर बाईच्या पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची नळी हेही तिलाच. तीही आता सिस्टर आहे. प्राची, एकच अट आहे. तुझ्या हाताखाली ज्या मावशी काम करतात त्यांची नावे पाठ कर. "अहो मावशी" म्हणून भागवू नकोस.

३. माझे स्टीलचे सहा कप इंदुताईंना द्यावेत. त्या माझ्या वरिष्ठ सिस्टर होत्या. आम्हा सिस्टरांचे कप कपाटात आणि आयांचा टवका उडालेला कप खिडकीबाहेर खिळ्याला, ही पद्धत त्यांचीच. मीही कपाटातल्या कपातून मुकाट्याने चहा प्यायले, म्हणून माझा राग माझ्यावरही आहेच. सहाही कप अगदी सारखे आहेत. कोणता कोणाचा ते त्यांनी ओळखून दाखवावे.

४. हे कलम मी पस्तीस वर्षे लिहायचे टाळले.

रुपीबाई खेमसिंग आडे आमच्या प्रसूती वॉर्डात आया होत्या. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरून सकाळच्या बसने यायच्या. बाळंतिणीच्या खोलीत शिरण्याआधी कोपरापर्यंतच्या बांगड्या काढून रुमालात बांधायच्या आणि गाठोडे माझ्या खिशात टाकायच्या. "सांभाळा बाई, माह्या सासूचं सोनं हाय," म्हणायच्या. सोने कुठले, पांढऱ्या बांगड्या होत्या. पण दिवसभर माझा खिसा खुळखुळत राही आणि मला ते आवडायचे.

हिवाळ्यात व्हरांड्यात ऊन आले की आम्ही दोघी सतरंजीवर बसून गॉजच्या घड्या घालायचो. त्यांच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ यायच्या. मी नर्सिंग स्कूलमध्ये शिकले होते, त्यांनी ओढण्यांवर कशिदा काढला होता. घड्या घालता घालता त्या आपल्या गोरबोलीत, तांड्यावरच्या भाषेत, काही गुणगुणायच्या. शब्द मला कळायचे नाहीत, पण आत रडणारी बाळे गप्प व्हायची. ते ऊन मला अजून हवे आहे.

घड्या पत्र्याच्या गोल डब्यात भरून वाफेवर निर्जंतुक करायच्या. डब्याच्या बाजूला भोकांची ओळ असते आणि त्यावर सरकती पट्टी. वाफ देताना भोकं उघडी हवीत, वाफ झाली की बंद करायची. डबा भरून भोकं उघडणे हे आयांचे काम, तो वाफेच्या भांड्यात ठेवणे आणि वाफ झाल्यावर भोकं बंद करणे सिस्टरचे.

१९८९ सालच्या डिसेंबरात एका सकाळी दोन डबे शेजारी होते, एक झालेला, एक व्हायचा. मी हाताच्या सवयीने झालेल्याऐवजी व्हायच्या डब्याची भोकं बंद केली. तेवढ्यात आतून हाक आली, बाळाचे डोके दिसत होते. परत आले आणि न पाहता तोच डबा वाफेत ठेवला. त्यातला गॉज दुसऱ्या दिवशी एका सिझेरियनला वापरला. त्या बाईचे टाके पिकले. ती वाचली, पण दीड महिना खाटेवर होती.

भोकं बंद राहिली हे चौकशीत निघाले. बंद कोणी केली हे कोणी विचारलेच नाही. भोकं आयांची, म्हणजे चूक आयाची. माझे अक्षर चांगले म्हणून रुपीबाईंचा जबाब मलाच लिहायला सांगितला. "भोकं उघडायचे माझ्याकडून राहिले," असे मी लिहिले. वाचून दाखवला नाही. शाईचा पॅड पुढे सरकवला, त्यांनी अंगठा उमटवला.

त्यांची बदली पुसदला झाली. तीन वर्षांची लेक सासूजवळ तांड्यावर राहिली. दोन वर्षांनी त्या परत आल्या तेव्हा ती पोर आजीला याडी, म्हणजे आई, म्हणत होती आणि यांना पाहून आजीच्या मागे लपली. हे त्यांनी मला घड्या घालता घालताच सांगितले. पुढे अकरा वर्षे आम्ही एकत्र काम केले. दर डब्याला त्या म्हणायच्या, "बाई, भोकं पाहून घ्या." मी पाहायचे. एवढेच.

दवाखान्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक दवाखान्याची नव्हती. भोकं मी बंद केली होती, आणि जबाब खोटा लिहिला तोही मीच.

५. ~~माझे घर रुपीबाई खेमसिंग आडे यांना द्यावे.~~ (खाडाखोड माझी, बाजूला सही आहे.)

ही ओळ खोडण्याचे कारण असे. काल रुपीबाईंना बोलावून घेतले आणि चौथे कलम तोंडी सांगितले.

"भोकं मी उघडीच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "मले तवाच माहीत होतं."

"मग बोलल्या काहून नाही?" मी विचारले.

"कोणाले सांगू? लिहिणाऱ्या तुम्हीच होत्या."

मग मी घराचे सांगितले. त्या हसल्या. "मले घर कायले पायजे? तांड्यावर हाय माह्यं घर. साक्षीदारात माह्यं नाव लिवा. मले सही येते आता, नातीनं शिकवली." ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकिलांनी सांगितले होते. मी ते त्यांना समजावले. "मग घर काटा," त्या म्हणाल्या.

म्हणून घर अभिषेकला. अभिषेक, ते तुला रुपीबाईंच्या नकारामुळे मिळते आहे. दिवाळीला तांड्यावर जाऊन त्यांच्या पाया पडत जा.

६. दवाखान्यातून भंगारात निघालेला तसला एक डबा मी रीतसर पावती घेऊन आणला होता, त्यात डाळ ठेवत असे. तो मृत्युपत्रात लिहीत नाही. कालच रुपीबाईंना हातात दिला. त्यांनी आधी पट्टी सरकवून भोकं उघडी आहेत का ते पाहिले.

आज रविवारी त्या पुन्हा आल्या. पेन हातात घेण्याआधी म्हणाल्या, "या खेपेले पुरं वाचून दाखवा, बाई. एकही ओळ सोडू नका."

मी पहिल्या अक्षरापासून इथपर्यंत वाचले. चौथ्या कलमाला मला रडू आवरले नाही. त्यांनी मला पाणी दिले आणि म्हणाल्या, "वाचा पुढं."

ठिकाण : यवतमाळ
दिनांक : १९ जानेवारी २०२५

लिहून देणार : सुनीती वामन डबीर (सही)

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार :

१. नयन लखीराम जयस्वाल, शेजारी, औषधविक्रेते (सही)

२. रुपीबाई खेमसिंग आडे, निवृत्त आया. मजकूर पूर्ण वाचून दाखवला, तो खरा आहे (सही)